मराठी ब्लॉगसाठी ब्लॉगर की वर्डप्रेस? कोल्हापुरातून एक परीक्षण

मराठीत नवा ब्लॉग सुरू करताना ब्लॉगर निवडावे की वर्डप्रेस, या प्रश्नाचे माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. सुरुवात ब्लॉगरवर करावी, मात्र पत्ता पहिल्या दिवसापासून स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे स्वतःच्या नावाने नोंदवलेल्या संकेतस्थळ-नावाचा, घ्यावा. लेखांचा साठा इतका वाढला की वाचकाला त्यातून वाट सापडेनाशी झाली, तरच वर्डप्रेसचा विचार करावा. या दोन सेवांची तुलना करणारे इंग्रजी लेख रग्गड आहेत आणि त्यांतले बहुतेक वर्डप्रेसच्या बाजूने निकाल देतात. त्यांत देवनागरीचा विचार नसतो, आणि असे लेख लिहिणाऱ्यांना लेखातल्या होस्टिंगच्या (संकेतस्थळासाठी भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवरच्या जागेच्या) दुव्यांवरून अनेकदा दलाली मिळत असते, हेही ध्यानात ठेवलेले बरे. प्रस्तुत परीक्षण कोल्हापुरात राहून, नोकरी-धंदा किंवा शेती सांभाळून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला समोर ठेवून केले आहे. दोन्ही सेवा मी वापरतो.

ब्लॉग यशस्वी झाला असे केव्हा म्हणायचे, हे ठरवल्याशिवाय परीक्षणाला कसोटी उरत नाही. लेख प्रकाशित केल्याच्या दिवशी नातेवाईक, वर्गमित्र आणि गल्लीतले मंडळ यांच्या व्हॉट्सॲप गटांतून येणारी गर्दी मी यशात धरत नाही, कारण ती दुसऱ्या दिवशी ओसरते. लेख जुना झाल्यावर, लेखकाला अजिबात न ओळखणारा एखादा वाचक इचलकरंजीहून, पुण्याहून किंवा थेट दुबईहून काही शोधत त्या लेखापर्यंत पोहोचला आणि जाताना त्याच ब्लॉगवरचे आणखी दोन लेख वाचून गेला, तर तो ब्लॉग चालला असे मी म्हणतो. असा वाचक मिळवून देण्यात आणि मिळालेला टिकवण्यात कोणती सेवा किती मदत करते आणि किती आडवी येते, एवढेच येथे पाहिले आहे.

ब्लॉगर ही या क्षेत्रातली जुनी सेवा. पायरा लॅब्स या छोट्या अमेरिकी कंपनीने ती ऑगस्ट १९९९ मध्ये सुरू केली आणि फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. गूगलचे खाते असले की काही मिनिटांत ब्लॉग उभा राहतो. जागा, सुरक्षित जोडणी, प्रतिसादांची सोय यांपैकी कशाचेच पैसे पडत नाहीत. ब्लॉगस्पॉट डॉट कॉम असा शेवट असलेला पत्ता फुकट मिळतो. तो नको असेल तर स्वतंत्र डोमेन विकत घेऊन जोडता येते आणि या जोडणीलाही शुल्क नाही. त्यासाठी डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या खात्यात जाऊन दोन सीनेम नोंदी (डोमेनला ब्लॉगरशी जोडणाऱ्या ओळी) कराव्या लागतात. हे नाव ऐकूनच अनेक जण मागे फिरतात; वास्तविक त्या नोंदी ब्लॉगर स्वतःच पडद्यावर दाखवते आणि आपल्याला त्या फक्त जशाच्या तशा उतरवायच्या असतात. जोडणी झाल्यावर जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर येणारा वाचकही आपोआप नव्या पत्त्यावर जातो. वर्षाकाठी डोमेनच्या नूतनीकरणाला हजार रुपयांच्या आसपास लागतात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाने एकदा तांबडा-पांढरा रस्सा जेवायला बाहेर जाण्यापेक्षाही कमी.

आता मराठीचा प्रश्न. लेखाचे शीर्षक देवनागरीत दिले की ब्लॉगरला त्यातून लेखाच्या पत्त्यासाठी काहीही घेता येत नाही, कारण पत्त्यात ते रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हेच स्वीकारते. परिणामी लेख खासबागेतल्या कुस्तीवर असो की कटाच्या आमटीवर, त्याच्या पत्त्यात ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढेच येते आणि पुढच्या लेखांना त्याच्यामागे आकडे चिकटत जातात. शंभर लेखांचा ब्लॉग असा तयार झाला, की पत्ता पाहून लेख कशाविषयी आहे हे वाचकालाही कळत नाही आणि शोधयंत्रालाही. उपाय साधा आहे. लेख प्रकाशित करण्यापूर्वी उजव्या बाजूच्या पर्मालिंक या पर्यायात जाऊन आपल्या हाताने तीन-चार रोमन शब्दांचा पत्ता द्यावा. प्रकाशित झालेला लेख पुन्हा मसुद्यात नेल्याशिवाय हा पत्ता बदलता येत नाही, आणि तोवर दुवा बाहेर गेला असेल तर बदलूही नये.

वर्डप्रेस याच्या नेमके उलट वागते. ते देवनागरी शीर्षक तसेच्या तसे पत्त्यात उतरवते, आणि ब्राउझरच्या पट्टीत ते देखणे दिसते. तोच पत्ता उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला की प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी टक्क्याच्या खुणा मिसळलेली नऊ रोमन चिन्हे उमटतात आणि एका दुव्याने मोबाइलचा अर्धा पडदा भरतो. लेखाच्या पत्त्यातल्या या भागाला दोनशे चिन्हांची मर्यादा असल्यामुळे देवनागरीतले शीर्षक बावीस चिन्हांनंतर कापले जाते. काना, मात्रा, उकार आणि हलन्त हे प्रत्येकी वेगळे मोजले जात असल्याने ‘कोल्हापूर’ या एका शब्दातच नऊ चिन्हे खर्ची पडतात. म्हणजे येथेही पत्ता हाताने रोमन करावा लागतोच. फरक इतकाच की ब्लॉगरवर ते न केल्यास पत्ता निरर्थक होतो आणि वर्डप्रेसवर तो बोजड होतो. या बाबतीत दोघांनाही मी सारखेच कमी गुण देतो.

अक्षरांच्या दर्शनाकडे मराठी ब्लॉगलेखक फार दुर्लक्ष करतात. दोन्ही सेवांमध्ये साइटची भाषा मराठी निवडता येते, आणि ती आवर्जून निवडावी. भाषा नोंदवलेली असली की तशी सोय असलेले फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची दाखवतात; नोंद नसेल तर हिंदी वळणाची दिसतात. लहानपणापासून बालभारतीची पुस्तके वाचलेल्या डोळ्याला तो ‘ल’ कायम थोडा परका वाटतो, मग वाचकाला त्याचे कारण सांगता येवो वा न येवो. फॉन्टच्या निवडीत वर्डप्रेस स्पष्टपणे पुढे आहे. ब्लॉगरच्या थीम रचनाकारात मोजके फॉन्ट मिळतात. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी यांसारखा फॉन्ट हवा असेल तर थीमच्या एचटीएमएलमध्ये गूगल फॉन्ट्सकडून मिळणाऱ्या ओळी घालाव्या लागतात. ते एकदाच करायचे काम आहे आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. दोन ओळींमधले अंतर मात्र दोन्हींकडे वाढवून घ्यावे. इंग्रजी मजकुराच्या हिशेबाने ठेवलेल्या अंतरात वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात, आणि मोबाइलवर दीर्घ लेख वाचणारा माणूस तिसऱ्या परिच्छेदात थकतो.

कोल्हापुरात आणखी एक अडचण वारंवार दिसते. येथे छापखान्यांची आणि डीटीपीच्या दुकानांची परंपरा मोठी आहे. स्मरणिका, तालीम मंडळांची वार्षिके, दिवाळी अंकातले लेख असा पुष्कळ मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये संगणकावर पडून असतो. तो उचलून ब्लॉगवर टाकावा ही इच्छा स्वाभाविक आहे, पण चिकटवल्यावर तो निरर्थक चिन्हांचा ढिगारा होतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, आणि रूपांतरानंतर रफार, ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरे एकेक करून तपासावी लागतात. येथे ब्लॉगर किंवा वर्डप्रेस यांपैकी कोणीही मदतीला येत नाही. नव्याने लिहिणाऱ्याने सरळ मोबाइलच्या मराठी कळफलकावर किंवा बोलून लिहावे. मोठा लेख गूगल डॉक्समध्ये लिहून नंतर आणणे मला सोयीचे वाटते. फक्त चिकटवताना सोबत येणारी सजावट काढून टाकावी, नाहीतर एकाच लेखात तीन आकारांची अक्षरे दिसू लागतात.

ब्लॉगरचा सर्वांत मोठा गुण गर्दीच्या दिवशी कळतो. कोल्हापुरात असे दिवस पावसाळ्यात येतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की शहरातला आणि शहराबाहेर नोकरीला असलेला प्रत्येक कोल्हापूरकर आकडा शोधू लागतो. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की कोणत्या भागात कधी पाणी येते, शिरोलीजवळ महामार्ग बंद होईल का, मागच्या वेळी काय झाले होते, हे शोधणाऱ्यांची रीघ लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर या विषयावर नीट लिहिलेल्या मराठी लेखाला दर पावसाळ्यात वाचक मिळतो. ब्लॉगरवरचा लेख गूगलच्या यंत्रणेवर असल्यामुळे एका तासात हजारो माणसे आली तरी तो उघडतो. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवरचे वर्डप्रेस अशा वेळी वापरमर्यादा संपल्याचा संदेश दाखवून बंद पडू शकते, कारण त्या योजनेत एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट दाटीवाटीने बसवलेल्या असतात. ज्या दिवसासाठी लेख लिहिला, नेमका त्याच दिवशी तो बंद असेल तर बाकीच्या सुविधा काय कामाच्या?

ब्लॉगरचे दोषही कमी नाहीत. २०२० मध्ये संपादकाचे, म्हणजे लेख लिहिण्याच्या पानाचे, रूप बदलले, पण एकूण या सेवेकडे गूगलचे फारसे लक्ष आहे असे जाणवत नाही. नवा लेख आल्याचे वाचकाला ईमेलने कळवणारी सोय जुलै २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी स्वतःचे काही आले नाही. वर्गवारीसाठी केवळ लेबले आहेत. त्यांत पोटविभाग करता येत नाहीत. मूळ थीम मोजक्या आहेत आणि दिसायला साध्या आहेत. म्हणून अनेक जण बाहेरच्या संकेतस्थळांवरून फुकट थीम उतरवून घेतात, आणि त्यांतल्या कित्येक थीमच्या तळाशी त्या बनवणाऱ्याचे दुवे अशा रीतीने दडवलेले असतात की ते काढले तर ब्लॉग उघडतच नाही. मूळची साधी थीम ठेवून फॉन्ट नीट केलेला ब्लॉग अशा झगमगीत थीमपेक्षा केव्हाही बरा दिसतो आणि मोबाइलवर लवकर उघडतो.

वर्डप्रेसकडे वळताना पहिला घोळ निस्तरावा लागतो, तो म्हणजे त्या नावाने दोन निरनिराळ्या गोष्टी चालतात. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केलेली वर्डप्रेस ही मुक्त प्रणाली कोणीही फुकट उतरवून आपल्या होस्टिंगवर बसवू शकतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही मात्र ऑटोमॅटिक या कंपनीची तयार सेवा आहे. त्या सेवेच्या फुकट योजनेत पत्त्यात तिचे नाव राहते, पानावर तिच्या जाहिराती दिसतात आणि स्वतःचे डोमेन जोडायचे तर सशुल्क योजना घ्यावी लागते. फुकटच लिहायचे असेल तर त्यापेक्षा ब्लॉगर सरस, एवढे सांगून मी तो विषय संपवतो. यापुढे वर्डप्रेस म्हणजे स्वतःच्या होस्टिंगवर बसवलेली प्रणाली.

जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे या प्रणालीवर चालतात आणि त्यामागे कारण आहे. डिसेंबर २०१८ पासून आलेला, लेख खंडाखंडांनी (ब्लॉकने) रचायला लावणारा संपादक आधी गोंधळात टाकतो, पण हात बसला की छायाचित्रे, तक्ते, अवतरणे यांची मांडणी ब्लॉगरपेक्षा कितीतरी नेटकी होते. नियंत्रण पटल मराठीत मिळते. त्यातले काही पारिभाषिक शब्द इतके जड आहेत की मी साइट मराठी ठेवून माझ्यापुरते पटल इंग्रजीत वापरतो; तशी वेगळी निवड करता येते. खरा फायदा मात्र वर्गवारीत आहे. उदाहरण म्हणून कोल्हापूरच्या फुटबॉलवरचा ब्लॉग घ्यावा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असे संघ, प्रत्येक हंगाम, स्पर्धा, शाहू स्टेडियमवरचे गाजलेले सामने आणि खेळाडूंच्या मुलाखती असा मजकूर साठत गेला की एकच लेख संघाखालीही सापडला पाहिजे, हंगामाखालीही आणि खेळाडूच्या नावाखालीही. ब्लॉगरच्या लेबलांनी हे काही काळ निभावते, पुढे लेबलांचीच यादी वाचायला बसावे लागते. वर्डप्रेसमध्ये वर्ग, पोटवर्ग आणि टॅग यांची उतरंड लावून असा संग्रह नीट उभा करता येतो. पेठांतल्या घराघरांत पडलेली कात्रणे आणि संघांची जुनी छायाचित्रे पाहता हा ब्लॉग कोणीतरी लिहायला हवाच, आणि त्याने तो वर्डप्रेसवर लिहावा.

या फायद्यांची किंमत पैशांत आणि वेळेत मोजावी लागते. होस्टिंगची जाहिरातीतली किंमत पहिल्या मुदतीपुरती असते. नूतनीकरणाच्या वेळी ती दुप्पट-तिप्पट होणे नेहमीचे आहे आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी नूतनीकरणाचा दर वाचावा. प्रणाली, थीम आणि प्लगइन (प्रणालीला जोडायच्या जादा सोयी) वेळोवेळी अद्ययावत करावी लागतात. ती जुनी राहिली की साइटमध्ये शिरकाव होतो, आणि मग मराठी लेखांच्या जागी परदेशी औषधांच्या जाहिराती दिसू लागतात. ज्याला हे सांभाळण्याची आवड नाही, त्याने वर्डप्रेसच्या वाटेला जाऊ नये.

शहरात ‘वेबसाइट करून देतो’ म्हणणारे व्यावसायिक पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही उत्तम काम करतात, परंतु व्यवहारात एक गोष्ट आधीच पक्की करावी. माझ्या परिचयातल्या एका मंडळाने आपला ब्लॉग अशाच एकाकडून करून घेतला होता. पुढे मंडळाला दुसरीकडे जायचे झाले तेव्हा कळले, की डोमेनची नोंदणी त्या व्यावसायिकाच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर होती. पैसे मंडळाने भरले होते, मालकी मात्र कागदोपत्री त्यांची नव्हती, आणि डोमेन दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा हस्तांतराचा संकेतांक मिळवण्यासाठी त्यांना कित्येक महिने फेऱ्या माराव्या लागल्या. डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने आणि स्वतःच्या कार्डावरून घ्यावे. बाकीचे काम खुशाल दुसऱ्याकडून करून घ्यावे. नूतनीकरणाची तारीख चुकली तर काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर तेच नाव परत मिळवायला अनेक पट पैसे पडतात आणि अखेरीस ते कोणीही उचलू शकतो. देवनागरीतले डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून मिळते, पण ते एकमेव पत्ता म्हणून घेऊ नये, कारण अनेक अर्ज आणि ॲप अजून तसा पत्ता सरळ स्वीकारत नाहीत.

ब्लॉग वाढवण्याच्या बाबतीत दोन्ही सेवा विकणारे आणि शिकवणारे जितका दावा करतात तितका सेवेचा हात त्यात नसतो. वाचक आणतो तो विषय. कोल्हापूरवर लिहायचे म्हटले की जो तो मिसळीपासून सुरुवात करतो, आणि मिसळीवर इतके लिहून झाले आहे की नव्या लेखाला शोधाच्या पहिल्या पानावर जागा मिळणे कठीण. याउलट अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव घ्यावा. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या ठरलेल्या दिवसांत मावळतीची किरणे मूर्तीच्या चरणांपासून वर सरकतात, आणि दर वर्षी त्या सुमारास लोक वेळ, जागा आणि अडथळ्यांची माहिती शोधतात. येथे दर वर्षी नवा लेख लिहिण्याऐवजी एकच लेख एकाच पत्त्यावर ठेवून, किरणोत्सवाच्या आधी पंधरा दिवस त्यात नवी माहिती भरत जावे. जुन्या पत्त्याने कमावलेली पत त्यामुळे वाया जात नाही.

दुसरे उदाहरण चपलेचे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडा या फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात तशाच चपला दिसल्या तेव्हा या विषयावर एकाएकी प्रचंड शोध सुरू झाला. त्या आठवड्यात घाईने लिहिलेले लेख बातम्यांच्या लोंढ्यात वाहून गेले. ज्याने आधीच कापशी, पुकरी, बक्कलनाळी यांतले फरक, कातडे कमावण्याची रीत आणि मानांकनाची हद्द यांवर शांतपणे लिहून ठेवले असेल, त्याच्याकडे पुढेही वाचक येत राहणार. बातमीच्या मागे धावणे वृत्तपत्राला जमते. एकट्या लेखकाने बातमी येण्यापूर्वी तयार असावे.

वाचक नेमके काय शोधत आला हे पाहण्यासाठी गूगलचे सर्च कन्सोल दोन्ही सेवांना जोडता येते, तेही फुकट. त्यात सोळा महिन्यांपर्यंतची माहिती दिसते आणि ती डोळे उघडणारी असते. मराठी लेखाकडे येणारे कितीतरी लोक शोधताना रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात. म्हणून रोमन पत्त्याचा आग्रह मी वर धरला. ब्लॉगरमध्ये लेखाचे शोध वर्णन लिहिण्याची जागा असते, पण ती सेटिंग्जमध्ये जाऊन आधी सुरू करावी लागते; ती बंदच आहे हे अनेक जुन्या लेखकांच्या गावीही नसते. वर्डप्रेसवर हेच काम प्लगइनने होते. ते प्लगइन हिरवे दिवे लावून लेखाला गुणही देतात, पण त्यांचे निकष इंग्रजी वाक्यरचनेवर बेतलेले असल्यामुळे मराठी लेखकाने त्या दिव्यांकडे पाहू नये.

व्हॉट्सॲपवर दोन्ही सेवा सारख्याच चालतात. लेखात आडवे, स्पष्ट छायाचित्र असले की दुव्यासोबत ते दिसते आणि दुवा उघडला जाण्याची शक्यता वाढते. सबंध लेख गटात चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण दोन दिवसांत तो लेखकाचे नाव गळून पडलेल्या अवस्थेत आपल्याकडेच परत येतो, आणि ब्लॉगवर कोणी फिरकत नाही ते वेगळेच.

उत्पन्नाविषयी थोडक्यात आणि स्पष्ट. ॲडसेन्स या गूगलच्या जाहिरात सेवेच्या मान्य भाषांत मराठी आहे, आणि ब्लॉगरवर जाहिराती लावणे सोपे आहे. उत्पन्न दहा डॉलरवर गेले की पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने पिन येतो, आणि शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. मराठी पानांना मिळणारा दर पाहता नव्या ब्लॉगला पहिले शंभर डॉलर साठायला फार दिवस लागतात. त्या पैशांवर घर चालवण्याची स्वप्ने दाखवणारे शिकवणीवर्ग टाळावेत. पैसे परदेशातून येत असल्यामुळे बँकेचा स्विफ्ट संकेतांक (आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठीची बँकेची ओळख) लागतो, आणि कोल्हापुरात ज्यांचे एकुलते एक खाते एखाद्या नागरी सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असते, त्यांना तो बहुधा मिळत नाही. असे खाते आधीच दुसरीकडे उघडून ठेवावे.

राहिला प्रश्न ब्लॉगरच्या भरवशाचा. गूगलने जुलै २०१३ मध्ये ब्लॉग वाचण्यासाठीचे रीडर बंद केले आणि एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस हे समाजमाध्यम, तेव्हा ब्लॉगर कायम राहील असे गृहीत धरता येत नाही. दर काही महिन्यांनी सगळ्या लेखांची प्रत उतरवून संगणकावर ठेवावी. स्थलांतराची वेळ आली तर स्वतःच्या डोमेनचा उपयोग तेव्हा होतो. वर्डप्रेसमध्ये पत्त्याची रचना वर्ष, महिना, लेखाचे नाव आणि शेवटी एचटीएमएल अशी ठेवता येते, म्हणजे ब्लॉगरवरचे जुने पत्ते जसेच्या तसे चालू राहतात आणि शोधातली जागा फारशी हलत नाही. लेख आणि प्रतिसाद आणणारे प्लगइन आहे. छायाचित्रे मात्र बऱ्याचदा गूगलकडेच राहून फक्त त्यांचे दुवे येतात, म्हणून ती नव्या जागी आल्याची खात्री होईपर्यंत जुना ब्लॉग काढून टाकू नये. आणखी एक बारीक काम उरते. ब्लॉगरवरचा लेख मोबाइलवर उघडला की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि ‘एम=१’ अशी शेपटी लागते, आणि व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरलेले बहुतेक दुवे याच शेपटीसह फिरलेले असतात. वर्डप्रेसमध्ये ‘एम’चा अर्थ महिन्याचा संग्रह असा होत असल्याने ते दुवे चुकीच्या पानावर जाऊ शकतात, म्हणून शेपटी काढून वाचकाला नुसत्या पत्त्यावर नेणारा पुनर्निर्देशनाचा (रीडायरेक्टचा) नियम होस्टिंगवर घालून घ्यावा आणि स्थलांतर झाले त्याच दिवशी एखादा जुना दुवा मोबाइलवरून उघडून पाहावा.